हट्ट की तप?

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ५ आणि ६. जोडीला श्लोक १४ ते १९.

या दोन श्लोकांवरून मी कितीतरी वर्षं न थांबता पुढे गेलो आहे. दंभ आणि अहंकार यांनी भरलेलं, शास्त्राला धरून नसलेलं घोर तप जे करतात, जे शरीराला आणि त्या शरीरात राहणाऱ्या मलाही पिडतात, त्यांचा निश्चय आसुरी समज, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. वाचताना डोळ्यांसमोर यायचे ते काट्यांवर झोपणारे नाहीतर पुराणातले राक्षस. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणारा, घराचे हप्ते भरणारा, ९६ किलोचा माणूस काही समोर यायचा नाही. गेल्या वर्षी आला.

मी तेव्हा ३९ वर्षांचा होतो. वजन जास्त, पण बसून राहणारा नाही. रविवारी सिंहगड, ऑफिसात चौथ्या मजल्यापर्यंत जिना, आधीच्या वर्षात दोन हाफ मॅरेथॉन. वेळ सांगण्यासारखी नव्हती, पण पूर्ण केल्या होत्या. एकदा जेवणाच्या टेबलावर विषय निघाला आणि एक जण म्हणाला, "हाफपर्यंत ठीक आहे रे, फुल हे तुझ्या वजनाचं काम नाही." सगळे हसले. मीही हसलो. आणि मुंबई मॅरेथॉनची नोंदणी सुरू झाली त्याच रात्री फुलसाठी नाव टाकलं. ४२.१९५ किलोमीटर. बायकोला सांगितलं, "तब्येतीसाठी करतोय." हे अर्धं खरं होतं.

सराव नीट सुरू झाला. आठवड्यात चार दिवस पहाटे पाषाणच्या रस्त्यावर, रविवारी लांबची दौड. धावताना प्रत्येक पावलाला आपल्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. माझ्या बाबतीत हा आकडा किती होतो हे मला तोंडपाठ होतं. तरी नोव्हेंबरमध्ये उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी थांबलो नाही. वेदनाशामक गोळी घ्यायची आणि निघायचं. आमच्या कामात याला काय म्हणतात ते माहीत आहे. सिस्टिम इशारा देतेय, तर दोष शोधायचा सोडून इशाराच बंद करून टाकायचा. ज्युनिअर मुलाने असं केलं तर मी त्याला अर्धा तास बसवून समजावलं असतं.

बायकोने विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंस?" मी म्हटलं, "हो. चालेल म्हणाले." मी गेलोच नव्हतो.

आणि त्याच आठवड्यात मी इथे वाणीच्या तपावर लिहिलं होतं, खरं आणि हिताचं बोलण्यावर. तुमच्यापैकी काहींनी आवडल्याचं कळवलंही होतं. आज ते कबूल करायचं होतं, म्हणून हा लेख.

पुढच्या रविवारी पँट धुवायला टाकताना तिला खिशात गोळ्यांची पट्टी सापडली, सहा गोळ्या संपलेली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "गुडघा तुझा आहे, त्याचं तू बघ. पण खोटं मला सांगितलंस."

त्या रात्री सतरावा अध्याय पुन्हा उघडला. पाचव्या-सहाव्या श्लोकावर थांबलो, आणि मग चौदाव्यावर. त्यात शरीराच्या तपाची यादी आहे. पूजन, शुद्धता, ब्रह्मचर्य यांच्या सोबत तिथे दोन गोष्टी आहेत, ज्या मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या: सरळपणा आणि अहिंसा. सत्य पुढच्या श्लोकात, वाणीच्या तपात येतं. पण सरळपणा शरीराच्या तपात आहे. म्हणजे किती सोसलं याचा हिशेब तिथे नाहीच. वाकडेपणाने सोसलेलं तप ठरत नाही.

मग प्रश्न असा, की कष्टाची, दुखणारी प्रत्येक गोष्ट हट्टच का? तसंही नाही. माझी आई आळंदीहून पंढरपूरला वारीत चालत गेली आहे, तीनदा. पायाला फोड येतात, पाऊस असतो, झोप नीट मिळत नाही. त्याला कोण आसुरी म्हणेल? पण दुसऱ्या वर्षी तिचा घोटा सुजला तेव्हा ती सरळ दिंडीच्या टेम्पोत बसली आणि दोन दिवसांनी परत चालायला लागली. मी फोनवर म्हटलं होतं, "अगं, मग वारी पूर्ण पायी झाली नाही ना?" तर म्हणाली, "टेम्पोतून आलेल्याला विठोबा काय दार लावून घेतो का रे?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

उलट बाजूही बघायला हवी. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये टांझानियाचे जॉन स्टीफन अक्वारी वाटेत पडले, गुडघा जायबंदी झाला, तरी पट्टी बांधून ते विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने स्टेडियममध्ये पोहोचले. शेवटचे. लोक आजही आदराने नाव घेतात. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? गुडघा तर दोघांचाही दुखत होता. बाहेरून पाहून तप की हट्ट हे सांगता येत नाही, असंच मला वाटतं. ते ज्याचं त्याला आतून ओळखावं लागतं.

मी माझ्यापुरत्या दोन खुणा ठरवल्या. पहिली: जे घरच्यांपासून लपवावं लागतं, तो हट्ट. अक्वारींची पट्टी सगळ्या जगाला दिसत होती, माझी गोळ्यांची पट्टी खिशात होती. दुसरी: हे कोणाला कधी कळणारच नसेल, तरी मी करीन का? पहिल्या खुणेत मी साफ नापास. दुसरीचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून खरोखर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीन आठवडे धावणं बंद केलं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले आणि गोळी घेऊन लांब धावायला सक्त मनाई केली. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, हेही सांगितलं. ते तीन आठवडे धावण्यापेक्षा जड गेले. नंतर परवानगी मिळाली ती थोडं धावणं, थोडं चालणं अशीच. घरी ठरलं, की दुखणं टोचरं झालं तर तिथेच थांबायचं आणि बसमध्ये बसायचं. हे मी बायकोसमोर मोठ्याने बोललो.

जानेवारीत पहाटेच्या अंधारात सीएसएमटीहून निघालो. सी लिंकवर गार वारा होता, तोवर सगळं सोपं वाटत होतं. तीस किलोमीटरच्या पुढे स्नायूंमधला साखरेचा साठा संपत येतो आणि पाय शिशाचे होतात, हे वाचलेलं होतं. अंगावर आल्यावर कळलं. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ समोर आला तेव्हा मी चालत होतो. रस्त्याकडेला उभ्या एका आजींनी हातावर मीठ आणि संत्र्याची फोड ठेवली. माझ्या मागून सत्तरीचे एक काका आले आणि शांतपणे पुढे निघून गेले.

तिथे मी स्वतःला विचारलं: हे दुखणं कसलं? थकव्याचं की गुडघ्याचं? दोन मिनिटं उभा राहिलो. मांड्या, पोटऱ्या, पाठ, सगळं ठणकत होतं, पण गुडघा टोचत नव्हता. टोचत असता तर बसमध्ये बसलो असतो का? बसलो असतो असं वाटतं, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण तो प्रश्न प्रामाणिकपणे विचारता आला, हे नोव्हेंबरात जमलं नव्हतं. मग चालत राहिलो, उतारावर थोडा धावलो. ६ तास ३८ मिनिटं.

ऑफिसातल्या त्या जेवणाच्या टेबलावर मेडल न्यायचं मी दहा महिने मनात रंगवलं होतं. नेलं नाही. याला फार मोठेपणा देऊ नका, न्यावंसं वाटत होतंच.

बाहेर बायको उभी होती. तिने विचारलं, "दुखतंय?"

मी म्हटलं, "हो. खूप."

आजच्या दिवसासाठी एकच विचार. उपवास असो, नोकरी असो, व्यायाम असो, आपण जे मोठ्या निश्चयाने धरून ठेवलंय त्यातलं काय आपण घरात सांगत नाही? तेवढं आज एका माणसाला सांगून बघा.

उद्या श्लोक २०, दानाबद्दल.

राम कृष्ण हरी.