जुनं विमान, नवी भरारी

आजचं वचन: स्तोत्रसंहिता 103:1-5



गेल्या महिन्यात फादरांनी विचारलं, "यंदा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्याल ना?" मी म्हटलं, "फादर, सत्तरी आली. गुडघे दुखतात. आता तरुणांनी घ्यावा." सुटलो असं वाटायला हवं होतं, पण घरी येईपर्यंत आतून रिकामं वाटू लागलं.

आज पहाटे भाईंदरच्या घरी हे स्तोत्र वाचलं. देव आपलं तारुण्य गरुडासारखं नवं करतो, असं दावीद सांगतो. पण पिकलेले केस पुन्हा काळे होतात का हो?

तेव्हा जे. आर. डी. टाटा आठवले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी पस मॉथ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. बरोबर पन्नास वर्षांनी, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ, 1930 च्या दशकातलंच, दुरुस्त करून उडण्याजोगं केलेलं. उतरले आपल्या जवळच्या जुहूलाच. तरुणांच्या मनात उमेद जागवावी, हा त्यांचा हेतू होता.

लेपर्ड मॉथचा सांगाडा लाकडी. असं जुनं विमान नुसता रंग मारून उडत नाही. ते उघडावं लागतं. कुजलेलं लाकूड काढावं लागतं, इंजिन खोलून तपासावं लागतं.

स्तोत्रातला क्रम पाहा. आधी क्षमा, मग आजारातून बरं करणं, मग विनाशातून सोडवणं आणि मायेचा मुकुट. नवं तारुण्य सगळ्यात शेवटी! आपल्याला मात्र थेट शेवटचंच हवं असतं.

मी स्वतःला उघडून पाहिलं. अडचण गुडघ्यांची नव्हतीच. गेल्या वर्षी वर्गात एक मुलगा म्हणाला होता, "अंकल, बोअर होतंय." तो राग मी वर्षभर जपला होता. कुजलेलं लाकूड ते होतं.

सकाळीच फादरांना फोन केला. रविवारपासून वर्ग घेतोय. गुडघे दुखतीलच, खुर्चीवर बसून शिकवीन. त्या मुलाला विचारीन, "बाळा, कुठे कंटाळा आला होता ते सांग."

तुमचं कुजलेलं लाकूड कोणतं? आज दोन मिनिटं शांत बसून पाहा.

प्रार्थना: हे प्रभू, वरचा रंग राहू दे, आधी मला आतून दुरुस्त कर. आमेन.