नोदन, अभिघात आणि गाडीचा क्रॉस

वणी परिसरातील कोळसा खाणींतून निघणारे टिप्पर, वेचणीच्या हंगामात कापूस भरून जिनिंगकडे जाणारे पिकअप आणि पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्गाने धावणारे मालट्रक या यवतमाळ जिल्ह्यातील नित्याच्या वाहनांच्या पोटाखाली, गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत फिरकी नेणारा एक पोकळ दांडा असतो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, आणि त्याच्या सांध्यांत अधिक-चिन्हाच्या आकाराचा जो पोलादी तुकडा बसवलेला असतो, त्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. खड्ड्यांत कमानपाटे खालीवर झाले की मागचा आस हलतो, गिअरबॉक्स मात्र जागच्या जागी राहतो. त्या दोहोंतील बदलता कोन सांभाळून फिरकी पुढे पोचवणे एवढेच क्रॉसचे काम असते.

हा क्रॉस झिजतो, काढला जातो आणि त्याच्या जागी नवा बसतो. मग गाडी तीच राहते काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांना फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंद याला विचारतो की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय; आणि प्रत्येक अंगाला नकार मिळाल्यावर असे ठरते की ‘रथ’ हे अंगांच्या आधाराने चालणारे केवळ व्यवहारातले नाव आहे. न्यायवैशेषिकांचे म्हणणे याच्या उलट आहे: अवयवांहून निराळा ‘अवयवी’, म्हणजे अखंड वस्तू, खरोखरच उत्पन्न होते आणि ती अवयवांत समवाय नावाच्या नित्य संबंधाने राहते. मात्र या सिद्धान्ताची किंमत मोठी आहे, कारण त्यानुसार एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो व नवा उपजतो, आणि ‘ही तीच गाडी’ ही ओळख निव्वळ सादृश्यावर उभी राहते. परिवहन खात्याला असली अडचण पडत नाही. एमएच-29 या क्रमांकमालिकेतील गाडीची ओळख चासी क्रमांकावर टिकते, आणि क्रॉस कितीदा बदलला याची नोंद तिच्या नोंदणीपत्रात कधीच होत नाही.

दोन्ही पक्षांनी ज्याला दुय्यम स्थान दिले तो संयोग, म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंचे एकत्र लागणे, या प्रश्नात खरा निर्णायक आहे. बौद्धांना अंगांची जुळणी अभिप्रेत असेलही, पण सर्व अंगे मिळून रथ काय असेही नागसेन विचारतो आणि त्यालाही नकारच मिळतो; वैशेषिकांनी संयोगाला चोवीस गुणांत बसवले व अनित्य ठरवले. प्रोपेलर शाफ्ट मात्र वेगळेच सांगतो. एकटा क्रॉस कोनात फिरला की पुढची फिरकी एकसारखी राहत नाही, तर एका फेऱ्यात दोनदा वेगवान व दोनदा मंद होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही विषमता रद्द करतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुबेळके, एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन समान असतील तरच. म्हणून जाणता मिस्त्री शाफ्ट सोडवण्यापूर्वी त्यावर खूण करतो. ती खूण चुकून सरकता शाफ्ट भलत्याच खाचेत बसला, तर सर्व अवयव तेच असूनही गाडी थरथरते. जो फरक अवयवांत कोठेच सापडत नाही आणि तरीही बेअरिंगे खाऊन टाकतो, त्याला नाममात्र म्हणता येणार नाही.

वैशेषिकांच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. गती देणाऱ्या संयोगाचे त्यांनी दोन प्रकार केले: ज्यात ढकलणारे व ढकलले जाणारे एकमेकांना न सोडता, आवाज न करता चालतात ते ‘नोदन’, आणि ज्यात आघात होऊन आवाज उठतो तो ‘अभिघात’. झिजलेल्या क्रॉसचे याहून नेमके वर्णन कोणत्याही यंत्रपुस्तकात सापडणे कठीण आहे. क्रॉसच्या चारही टोकांवर वाट्या असतात व त्यांत सुईसारख्या बारीक रुळांचे बेअरिंग असते. काळ्या मातीचा चिखल सीलमधून आत गेला किंवा ग्रीस वाळले की वाटीच्या कडेला तांबूस भुकटी दिसू लागते, टोकांवर चरे पडतात, आणि रिव्हर्समधून पुढच्या गिअरमध्ये घेताना खालून ‘टक’ असा आवाज येतो. नोदन तेथे अभिघात झालेले असते. यात विलक्षण भाग असा की शाफ्ट अगदी सरळ रेषेत असला तरीही क्रॉसला ते मानवत नाही. कोन नसला की सुया फिरत नाहीत, एकाच जागी दाबल्या जातात आणि तेथेच खळगे पाडतात, म्हणून रचनाकार थोडा कोन मुद्दाम ठेवतात.

अनित्य संयोगाविषयी माणसाचे कर्तव्य काय, याचे उत्तर मीमांसकांच्या कर्मविभागात मिळते. नित्यकर्म केल्याने वेगळे फळ मिळत नाही, पण ते टाळल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. नैमित्तिक कर्म विशिष्ट प्रसंग उद्भवल्यावरच करायचे असते. चारही सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीसगन चालवणे हे पहिल्या प्रकारचे कर्म आहे, कारण त्याने गाडी अधिक वेगाने धावत नाही, केवळ बिघडत नाही. लॉक काढून, वाट्या दाबून बाहेर काढणे, सुई आडवी पडू न देता नवा क्रॉस चारही वाट्यांसह बसवणे आणि तो सर्व बाजूंना मोकळा हलतो याची खात्री करणे हे दुसऱ्या प्रकारचे. खंडेनवमीला वा दसऱ्याला वाहनाला हार घालून केलेली पूजाही नैमित्तिकच होय, आणि तिने ग्रीसचा प्रत्यवाय टळतो असे कोणताही मीमांसक म्हणणार नाही. अलीकडे अनेक गाड्यांत ग्रीसचे निप्पलच नसलेले, कायमचे बंद क्रॉस येतात. त्यांच्या बाबतीत नित्यकर्माला वाव उरत नाही, आवाज आला की बदलणे एवढेच मालकाच्या हाती राहते.