यंत्राची कीव, माणसाचा विटाळ



वर्ध्यात हातकामाचे प्रदर्शन काही नवे नाही. १९३८ साली गांधींनी इथे मगन संग्रहालय उघडले. चरखे, ग्रामोद्योगाची अवजारे तिथे मांडली. अलीकडे सेवाग्रामात भंगार लोखंडातून गांधी आणि विनोबांचे मोठाले पुतळे उभे राहिले. पाहुणे येतात, फोटो काढतात. भंगाराला कलेचा मान मिळतो. भंगार वेचणारा हात मात्र त्याच वस्तीत, त्याच पोत्याशी. वस्तूचा विटाळ कलेने धुऊन निघतो, मग हाताचा काऊन निघत नाही?

हा सवाल वर्ध्यापुरता नाही. सुन युआन आणि पेंग यू या चिनी कलावंतांनी २०१६ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमसाठी एक यंत्र मांडले. कारखान्यातला लोखंडी हात. भोवती रक्तासारखा दाट लाल द्रव. द्रव पसरतो, हात तो आत ओढतो. पुन्हा पसरतो, पुन्हा ओढतो. २०१९ साली व्हेनिसच्या बिनालेत, अनेक कलावंतांच्या सामूहिक प्रदर्शनात, हे यंत्र पारदर्शक भिंतींच्या आड झाडत होते. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. याची सुटका नाही म्हणून माणसे हळहळली.

ही हळहळ मी खोटी मानत नाही. माणसाचे काळीज दगडाचे नाही, एवढे तिने सिद्ध केले. पण मग तेच काळीज आपल्या गल्लीत येऊन बंद का पडते? पहाटे झाडू मारणारी बाई रोज तेच करते. कचरा पडतो, ती ओढते. पुन्हा पडतो, पुन्हा ओढते. तिच्यासाठी कोण हळहळले? यंत्राला जात नसते. म्हणून त्याची कीव फुकट पडते. बाईची कीव करायची तर आपल्या घरातला तिचा वेगळा ठेवलेला कप आधी फोडावा लागतो.

गटाराचे तेच. सुरक्षेच्या साधनांविना माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरी माणसे उतरतात, गुदमरून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मरणाची भरपाई दहा लाख ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. मरणाचा दर वाढला, उतरणाऱ्याची जात बदलली नाही. मॅनहोल साफ करणारे यंत्र नाही म्हणावे तर तेही नाही. केरळातल्या पोरांनी 'बँडिकूट' बनवले, २०१८ साली तिरुवनंतपुरमला ते उतरवले. अक्कल आहे, लोखंड आहे. नियत कुठाय?

चरख्याच्या या जिल्ह्यात म्हणूनच बाबासाहेबांची आठवण ठेवा. १९४५ साली गांधीवादाची चिरफाड करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणूस जनावर नाही, त्याला फुरसत पाहिजे, संस्कृती पाहिजे. आणि फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही, हे त्यांनी ठणकावले. यंत्र आपले वैरी नाही. ते कोणाचा भार आधी उचलते, हा नीतीचा प्रश्न आहे.

काही दोस्त म्हणतील, पोटाले भाकर नाही अन् शिल्प कायले पायजे? पायजे. प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांची 'उतरंड' रचली, २०२२ च्या बर्लिन बिनालेत ती मांडली गेली. मडके तेच, पण रचणारा बदलला. मग खालच्या मडक्यावर किती भार आहे ते दिसू लागले.

तेव्हा प्रदर्शनाला जा. झाडू, मडके, भंगार, यंत्र सगळे डोळे उघडे ठेवून बघा. आणि मांडणाऱ्याला, बघणाऱ्याला एकच विचारा: इथे ज्या कामासाठी तुम्ही हळहळलात, ते काम जन्माने कोणाच्या हातात दिले आहे? तो हात सोडवायला तुम्ही काय करणार?

उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.