वाट कोण सोडतं?

दोन मांजरं असलेल्या घरात पाहुणा आला, की चहाचा कप हातात पडायच्या आधी विचारतो, "यांच्यात दादा कोण?" घरच्यांकडे उत्तर तयार असतं. सहा महिन्यांनी तोच पाहुणा पुन्हा आला तर कधीकधी उत्तर फिरलेलं असतं. "आधी ती याला फटकावायची, आता हा तिला कॉटखालून बाहेर येऊ देत नाही." सांगणाऱ्याला त्यात सत्तांतराची बातमी देण्याची मजा येते. मांजरांच्या बाबतीत हा प्रश्नच तपासून घ्यायला हवा. उत्तर चुकलं म्हणून नव्हे, तर प्रश्न दुसऱ्याच प्राण्यांकडून उसना आणलेला आहे म्हणून.

तो मुळात कोंबड्यांचा. थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे हा नॉर्वेजियन अभ्यासक लहानपणापासून कोंबड्या बघत आला होता. कोण कोणाला टोचतं आणि कोण टोच खाऊन गप्प बसतं, याच्या त्याने नोंदी ठेवल्या आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला टोचण्याची उतरंड मांडली. त्यातली एक बारीक नोंद पुढे लोक विसरले. ही उतरंड नेहमी सरळ नसते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी वळून पहिलीलाच टोचते, अशी त्रिकुटंही त्याला दिसली होती. लोकांनी लक्षात ठेवली ती शिडी. त्रिकूट मागे राहिलं.

मग लांडगे आले. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त लांडग्यांवर 1947 साली लिहिलं आणि कळपाच्या शिखरावर लढून बसलेल्या 'अल्फा'ची कल्पना रुजली. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे पुढारीपण लढून मिळवावं लागत नाही, आईबाप झाल्यावर ते आपोआप येतं. सिंहासनाची लढाई दिसली होती ती अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले होते म्हणून. शास्त्रज्ञाने आपलं मत बदललं, पण 'अल्फा' हा शब्द तोवर कुत्र्यांच्या शाळांत आणि कचेऱ्यांत जाऊन बसला होता. तिथून तो मांजरापर्यंत यायला वेळ लागला नाही.

मांजराचा वंश मात्र वेगळ्या वळणाचा. आपलं घरगुती मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं, आणि ते रानमांजर एकटं शिकार करणारं. त्याचा घास म्हणजे उंदीर, आणि उंदरात वाटेकरी घेता येत नाही. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे 9500 वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. म्हणजे सोबत जुनी आहे. पण ती सोबत धान्याच्या कोठारांपाशी जमलेल्या उंदरांमुळे जुळली असावी. कळपात हुकूम पाळणारं जनावर म्हणून माणसाने मांजर निवडलं नाही.

अन्न मुबलक असेल तिथे मांजरं एकत्र राहतात, हे कोणत्याही मासळीबाजाराच्या मागच्या बाजूला दिसतं. या वस्तीचा कणा असतो तो आई, मुली, बहिणी यांचा. त्या एकमेकींची पिल्लं पाजतात, चाटतात, राखतात. म्हणजे मांजर माणूसघाणं नाही आणि मांजरघाणंही नाही. पण त्याची सोबत बहुतेक नात्यातून किंवा लहानपणच्या ओळखीतून उगवते. आपण काय करतो? एक मांजर एका गल्लीतून उचलतो, दुसरं तीन वर्षांनी दुसऱ्या गल्लीतून आणतो, दोघांना सातशे चौरस फुटांत ठेवतो आणि अपेक्षा धरतो की यांनी बहीणभावासारखं राहावं.

कुत्र्याला भांडण संपवता येतं. कान पाडून, पोट दाखवून ते सांगतं, झालं, मिटलं. मांजराच्या स्वभावात समेटाची अशी ठसठशीत खूण नाही. त्याच्याकडे भांडण मिटवायचा एकच खात्रीचा उपाय असतो, निघून जाणं. रानात, वाड्यात, कौलांवर तो पुरायचा. दार बंद आणि गॅलरीला कबुतरजाळी असलेल्या फ्लॅटमध्ये निघून जायला जागा नसते. त्यामुळे भांडण संपत नाही, ते घरात मुरतं.

जर्मन अभ्यासक पाउल लायहाउझेन यांनी मांजरांमधला वरचढपणा फार नेमका टिपला. त्यांच्या निरीक्षणांत तो जागा आणि वेळ यांना बांधलेला होता. वाट जिथे फुटते तिथे आधी पोचलेल्याचा हक्क, आणि मागून आलेलं बलदंड मांजरही पुष्कळदा थांबून त्याला जाऊ देतं. सकाळी जी जागा एकाची, ती दुपारी दुसऱ्याची. म्हणजे इथे अधिकार प्राण्याला चिकटलेला नसतो, तो एखाद्या ठिकाणाला आणि एखाद्या प्रहराला असतो. दोन मांजरं एकच खुर्ची वापरतात आणि तिच्यावर कधीच एकत्र दिसत नाहीत, तेव्हा आपण म्हणतो पटत नाही. प्रत्यक्षात त्यांनी वेळापत्रक ठरवलेलं असतं, आणि ते उत्तम चाललेलं असतं.

समजा एका घरात म्हाळसा नावाची आठ वर्षांची मांजर आहे आणि बंड्या नावाचा तीन वर्षांचा बोका. दोघांचंही ऑपरेशन झालेलं. बंड्या पिल्लू म्हणून आला तेव्हा म्हाळसा फिसकारायची, तो कपाटाखाली पळायचा. आता तो स्वयंपाकघराच्या दारात नुसता आडवा पडतो. गुरगुर नाही, पंजा नाही, फक्त एक स्थिर नजर. ती आत यायला निघते, थबकते आणि दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखं दाखवून वळते. घरच्यांना वाटतं, किती गुण्यागोविंदाने राहतात! महिनाभराने ती गादीवर लघवी करते, तेव्हा ओरडा तिलाच बसतो. त्या दारापलीकडेच तिचा लिटर बॉक्स होता, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मांजरांमधली जबरदस्ती बहुतेक वेळा अशीच मुकी असते. आवाज होतो तो पुष्कळदा कोंडलेल्या बाजूचा, म्हणून 'भांडकुदळ' हा शिक्काही तिच्यावरच बसतो.

उलट, गाजावाजा होतो ते सगळं भांडण नसतं. नोएमा गायदोश-क्मेत्सोवा आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये 210 मांजरांच्या चित्रफिती तपासल्या. आवाज न करता झोंबणं हे खेळाकडे झुकतं, ओरडणं आणि पाठलाग हे वैराकडे. आणि दोघांच्या मधे एक तिसरा गट आहे, खेळता खेळता बिनसत जाणारा. प्रेमाच्या खुणाही तितक्याच फसव्या. बंदिस्त गटांमध्ये चाटणारं मांजर पुष्कळदा वरचढ असतं आणि चाटून घेणारं दबलेलं, असं रुड व्हान डेन बॉस यांना 1998 मध्ये आढळलं. कधीकधी चाटून झाल्यावर चाटणाराच चापट मारतो. थेट हल्ला टाळण्याची ही एक रीत असावी, असा त्यांचा तर्क होता.

मग हे पारडं का फिरतं? एक कारण वयाचं. पिल्लू एका वर्षात मोठं दिसतं, पण मांजर सामाजिक अर्थाने प्रौढ होतं ते दोन ते चार वर्षांच्या दरम्यान. अनेक घरांतली 'अचानक' सुरू झालेली तेढ नेमकी या काळातली असते. बंड्या बिघडलेला नाही, तो वयात आला आहे.

दुसरं कारण शरीराचं, आणि तेच सर्वांत जास्त नजरेतून सुटतं. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांच्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वद टक्के मांजरांत सांध्यांची झीज दिसली. त्यांपैकी फार थोडी उघड लंगडत असतात. ती फक्त उडी मारणं सोडतात. म्हाळसाचा सगळा दरारा फ्रिजच्या माथ्यावर होता. वरून नजर ठेवायची, हवं तेव्हा उतरायचं. उडी जमेनाशी झाली त्या दिवशी ती जमिनीवर आली, आणि जमीन बंड्याची होती. घरच्यांना सत्तांतर दिसलं. झालं होतं एवढंच, की सांधा गेला होता.

याच्या उलटंही घडतं. दहा वर्षांची शांत मांजर एकाएकी चिडखोर होते, भरपूर खाते तरी वाळते, रात्री हिंडत ओरडते. घरचे म्हणतात म्हातारपणी तोरा चढला. मांजरांमधला थायरॉइडचा अतिरेक 1979 पासून पशुवैद्यांना माहीत आहे, रक्ताच्या साध्या तपासणीत तो कळतो आणि त्यावर उपचारही आहेत. स्वभावाच्या नावावर खपवलेला आजार हे आपल्या 'दादा कोण' या भाषेचं सर्वांत महागडं बिल आहे.

तिसरं कारण नाकाचं. एकमेकांना गाल घासून मांजरं घराचा एक सामाईक वास तयार करतात. तेच त्यांचं ओळखपत्र. एक मांजर दवाखान्यातून स्पिरिटचा आणि अनोळखी कुत्र्यांचा वास घेऊन परततं, आणि दुसरं त्याच्यावर फिसकारतं. ते त्याला ओळखतच नाही. एक दिवस वेगळ्या खोलीत ठेवून दोघांच्या वासाच्या फडक्यांची अदलाबदल केली तर हे बहुधा निवळतं. चौथं कारण खिडकीबाहेरचं. कंपाउंडच्या भिंतीवर भटका बोका येऊन बसतो, आतला फुगतो, काचेपलीकडे जाता येत नाही म्हणून शेजारच्या मांजरावर तुटून पडतो. बोका निघून जातो. आतल्या दोघांचं मात्र पुढे कित्येक आठवडे फाटलेलं राहतं.

आता कुणी विचारेल, मग मांजरांत वरचढपणा असतच नाही का? असतो. रोममधल्या भटक्या मांजरांच्या वसाहतींत युजेनिया नातोली आणि सहकाऱ्यांनी तो मोजला आहे. तिथे शेपूट उभी करून अभिवादन करणारं मांजर बहुतेकदा खालच्या क्रमाचं निघालं. पण तो दोघांच्या नात्याचा हिशेब असतो. 'बंड्या दादा आहे' हे विधान 'बंड्या करडा आहे' या जातीचं नाही. करडेपणा त्याच्या अंगावर आहे, दादागिरी त्या दारात आहे. दार बदललं, तिसरं मांजर आलं किंवा म्हाळसाचं दुखणं बरं झालं, तर तीही बदलेल.

हा फरक नुसता तात्त्विक नाही. अधिकार स्वभावात आहे असं मानलं, की उपाय स्वभावावर होतात. बंड्याला पाण्याचे फवारे, म्हाळसाला मांडीवर घेऊन सांत्वन, दोघांना एका ताटलीत जेवायला बसवून मनोमीलनाचे प्रयत्न. तिन्हींनी ताण वाढतो. आणि ताण मांजराच्या थेट मूत्राशयात उतरतो. ओहायो स्टेट विद्यापीठातले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी जंतूंशिवाय होणाऱ्या मूत्राशयदाहाचा माग काढत तो घरातल्या वातावरणापर्यंत नेला. दुसऱ्या मांजराशी न पटणं हेही त्यातलं एक कारण. बोका पुन्हापुन्हा बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे उशीर जिवावर बेततो.

अधिकार जागेत आहे असं मानलं तर उपाय जागेवर होतात. मांजरांमधल्या ताणाबद्दल अमेरिकेतल्या मांजर-वैद्यकांच्या संघटनेने 2024 मध्ये मार्गदर्शिका काढली, तिचा भर यावरच आहे. दोन मांजरांना तीन लिटर बॉक्स, तेही वेगवेगळ्या खोल्यांत, कारण शेजारी ठेवलेले तीन म्हणजे एकच. खाणंपाणी एकमेकांच्या नजरेआड. चढायला पायऱ्यापायऱ्यांची उंची. प्रत्येक खोलीत आत येण्याची एक वाट आणि निसटण्याची दुसरी. आपल्याकडे घरात दुसरी चूल मांडली की लोक हळहळतात, कुटुंब फुटलं म्हणतात. मांजरांच्या घरात दुसरी चूल मांडली की कुटुंब टिकतं.

हे पटायला जड जातं, कारण सत्तेची गोष्ट रंगतदार असते आणि जागेची रटाळ. 'बंड्याने गादी घेतली' ही गोष्ट चहाबरोबर सांगता येते. 'पॅसेज अरुंद आहे' ही येत नाही. शिवाय सत्तेच्या गोष्टीत आपल्याकडे काही दोष येत नाही, जागेच्या गोष्टीत येतो. दार कुठे, ताटली कुठे, दुसरं मांजर आणायचं की नाही, हे सगळं माणसाने ठरवलेलं असतं. ज्या टंचाईवर दोन मांजरं झगडतात, ती पुष्कळदा आपण नकळत निर्माण केलेली असते.

म्हणून घरातली शांतता मोजताना वरचढ मांजराकडे बघून काही कळत नाही. त्याचं बरंच चाललेलं असतं. बघायचं ते वाट सोडणाऱ्याकडे. ते सावकाश जेवतं का, पाठीमागे न बघता पाणी पितं का, उघड्यावर ताणून झोपतं का? याचं उत्तर 'हो' असेल, तर दोघांत पहिला नंबर कुणाचा हे माणसाला माहीत असण्याची गरजच उरत नाही. उत्तर 'नाही' असेल, तर आधी पशुवैद्याकडे जावं आणि मग घरातली मांडणी हलवावी, याच क्रमाने.