मागच्या भिंतीवरचा फोटो



तुमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो कुठे आहे? माझ्याकडे तो कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर आहे. ऑफिसची व्हिडिओ मीटिंग सुरू झाली की मी मागची भिंत धूसर करायचो. अमेरिकन सहकाऱ्यांसाठी नव्हे, त्यांना फोटो कोणाचा हे कळलंही नसतं. भारतीय सहकाऱ्यांना मात्र एका नजरेत माझी जात कळली असती. आणि जयंतीच्या हॉलमध्ये निळे झेंडे लावायला सगळ्यांत पुढे मीच! तिथे सगळे आपलेच ना.

यंदा ग्रुप फोटोच्या वेळी एक तरुण हळूच बाजूला झाला. एच-वन-बी व्हिसावर नुकताच आलेला. "बाबासाहेबांची लाज वाटते काय?" एक ज्येष्ठ म्हणाले. त्याने मान खाली घातली. मी गप्प राहिलो.

महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, ते तहानेपोटी नव्हे. हे पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायचं आहे, असं बाबासाहेबांनी त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत समजावलं. ओंजळभर पाण्याला अर्थ आला, कारण ते पिणं महागात पडणार होतं. पडलंही, परिषदेला आलेल्यांना मार खावा लागला. पण तळ्यावर कोणी एकटं गेलं नव्हतं. सोबत हजारो होते. नागपूरला १९५६ साली पांढऱ्या कपड्यांत जमलेले तर लाखो होते.

मग या मुलाने एकट्याने फोटोत उभं राहावं, हे आपण कशाच्या जोरावर मागतो? नोकरी गेली तर त्याच्या हाती जेमतेम साठ दिवस. सिएटलने २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने मनाई केली, पण इथल्या बहुतेक शहरांत तेवढाही आधार नाही. त्याच्यावर वेळ आली तर आपल्यापैकी किती जण त्याला दोन महिने घरी ठेवतील? वकिलाची फी कोण भरेल? याची उत्तरं तयार होईपर्यंत न विचारता कोणाचाही फोटो कुठेही टाकू नये, असं मी कार्यकारिणीला लिहून दिलं आहे.

माझं तसं नाही. ग्रीन कार्ड मिळून सहा वर्षं झाली, सबब उरलेली नाही. मागच्या सोमवारी भिंत तशीच ठेवली. एकाने विचारलं, "पीछे किसकी फोटो है?" मी नाव सांगितलं. तो क्षणभर थांबला, मग कामाचं बोलू लागला.

त्या मुलाला फोन केला आहे. रविवारी जेवायला येतोय.