त्याच शब्दांत तोच प्रश्न

1948 च्या ऑगस्टमध्ये जपानमधल्या 270 गावाशहरांत मिळून जवळजवळ 17 हजार माणसांची एक परीक्षा घेण्यात आली. वयोगट 15 ते 64. शेतकरी, कोळी, दुकानदार, घर सांभाळणाऱ्या बायका असे सगळेच त्यात होते. ऐकलेले शब्द लिहायचे, छापलेला मजकूर वाचून अर्थ सांगायचा. देश तेव्हा अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता. दोन वर्षांपूर्वी आलेल्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या मंडळाने, जपानने आपली अवघड लिपी सोडून रोमन अक्षरे स्वीकारावीत, अशी शिफारस केली होती. ही लिपी सामान्य माणसाला पेलत नाही, आणि ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नाही त्याला लोकशाही काय पेलणार, असा त्यामागचा विचार होता. तो खरा की खोटा हे ठरवायला ही परीक्षा होती.

निकाल आला तो उलटा. अजिबात लिहितावाचता न येणारे लोक 2 टक्क्यांच्या आसपास निघाले. या पाहणीत काम केलेले भाषाशास्त्रज्ञ शिबाता ताकेशी यांनी पुढे सांगितले की, निकाल थोडा बदलता येईल का, अशी विचारणा एका अमेरिकी अधिकाऱ्याने त्यांच्याकडे केली होती आणि त्यांनी ती सरळ नाकारली. लिपी वाचली. मला मात्र या हकिकतीत त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. परीक्षेला बसलेली माणसे कोणी हौसेने आलेली नव्हती आणि कोणी सोयीने निवडलेलीही नव्हती. नावे याद्यांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती. आठ कोटींच्या देशाबद्दल 17 हजार माणसे खरे सांगू शकतात, फक्त ती निवडताना कोणाची मर्जी आड येता कामा नये, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर पटली. त्या नमुन्याची आखणी करणाऱ्यांत हायाशी चिकिओ नावाचे तिशीतले संख्याशास्त्रज्ञ होते.

हे पटणे किती नवे होते ते समजायला दहाच वर्षे मागे जावे लागते. 1937 मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने एक पुस्तिका काढून शाळाशाळांत पोचवली. जपानी माणूस म्हणजे काय, त्याची निष्ठा कोणावर, त्याचे सम्राटाशी नाते कसले, हे सारे तीत सांगितले होते. माणसाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला सांगायचे होते. युद्धानंतर बाजू बदलली, पद्धत फारशी बदलली नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांचे जपानी स्वभावावरचे गाजलेले पुस्तक 1946 मध्ये आले. युद्धामुळे त्यांना जपानमध्ये पाऊलही ठेवता आले नव्हते. अमेरिकेतल्या जपानी लोकांशी बोलून, पुस्तके आणि चित्रपट पाहून त्यांनी ते लिहिले. पुस्तक बुद्धिमान आहे, आणि जपानमध्येही ते खूप वाचले गेले. पण तिथेही जपानी माणसाचा स्वभाव कोणीतरी बाहेरून सांगत होते.

1953 मध्ये तोक्योच्या सांख्यिकी गणित संस्थेत हायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की हा स्वभाव लोकांनाच विचारायचा. ‘जपानी राष्ट्रीय स्वभावाची पाहणी’ असे तिचे नाव. विसाव्या वर्षावरच्या सव्वादोन हजारांच्या आसपास स्त्रीपुरुषांनी पहिल्या फेरीत उत्तरे दिली. दर पाच वर्षांनी पुन्हा जायचे, माणसे दर वेळी नव्याने निवडायची, पण मुख्य प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे, असा नेम पुढे पडला. आपल्याकडेही नमुना पाहणीची विद्या याच सुमारास रुजत होती. पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीच्या नमुन्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याचे काम 1940 च्या दशकात केले, 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. आपण त्या विद्येने पीक, खर्च आणि रोजगार मोजला. जपानमध्ये ती मनाकडे वळवली गेली. माप मात्र दोन्हीकडे एकच पाळावे लागते. मध्येच पायली बदलली की धान्य वाढले की पायली लहान झाली हे कोण सांगणार?

सुरुवातीला या मंडळींना स्वभाव म्हणजे काहीतरी टिकाऊ, खोल असे वाटत होते, आणि पाहणीने तो हाती लागेल अशी अपेक्षा होती. पण फेऱ्या साठत गेल्या तसे लक्ष टिकण्याकडून बदलण्याकडे वळले.

एक प्रश्न असा होता: तुम्हाला मूल नाही, घराण्याचे नाव पुढे चालावे म्हणून, रक्ताचे नाते नसले तरी, दत्तक घ्याल का? 1953 मध्ये 73 टक्के लोक घेऊ म्हणाले. साठ वर्षांनी, 2013 मध्ये, हा आकडा 20 टक्क्यांच्या आसपास आला होता. एवढी मोठी घसरण पाहून लोक दत्तकाच्या विरोधात गेले असे वाटेल, पण मी तसे वाचत नाही. युद्धानंतर नव्या नागरी कायद्याने ‘घराणे’ ही कायद्यातली वस्तूच काढून टाकली होती. कर्त्या पुरुषाचा अधिकार गेला, थोरल्या मुलाचा एकट्याचा वारसा गेला. 1953 मध्ये उत्तर देणाऱ्यांची मने जुन्या घरात वाढलेली होती. 2013 मधल्या उत्तर देणाऱ्याला पुढे चालवायचे आहे ते नेमके काय, हेच उमगत नसणार. कायदा एका दिवसात बदलला होता, मनांना दोन पिढ्या लागल्या. आणि त्या दोन पिढ्यांतच ‘तुमच्यासाठी सर्वांत मोलाचे काय’ या मोकळ्या प्रश्नाला ‘कुटुंब’ असे उत्तर देणारे 1958 मधल्या 12 टक्क्यांवरून 2003 मध्ये 45 टक्क्यांच्या आसपास गेले. घराणे ओसरले आणि घरातली माणसे वर आली.

निसर्गाचा प्रश्न मला या साऱ्या पाहणीत सर्वांत बोलका वाटतो. सुखी व्हायचे तर माणसाने निसर्गाच्या कलाने जावे, त्याचा उपयोग करून घ्यावा, की त्याला जिंकावे? जपानी माणूस निसर्गाशी एकरूप असतो हे आपण इतके ऐकलेले असते की उत्तर आधीच ठाऊक आहे असे वाटते. 1953 मध्ये जिंकावे म्हणणारे 23 टक्के होते. पुढच्या प्रत्येक फेरीत ते वाढत गेले आणि 1968 मध्ये 34 टक्क्यांवर पोचले. कलाने जावे म्हणणारे तेव्हा अवघे 19 टक्के उरले होते. कारखाने, बंदरे, बुलेट ट्रेन यांचा तो काळ. त्याच 1968 च्या सप्टेंबरमध्ये, मिनामाता गावातल्या लोकांचे हातपाय वाकडे करणारा आजार रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे होतो, हे सरकारने अखेर मान्य केले. आजाराची पहिली अधिकृत नोंद होऊन बारा वर्षे झाली होती. 1970 मध्ये संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणाविरुद्धचे कायदे भराभर केले, 1971 मध्ये पर्यावरण खाते आले, 1972 मध्ये योक्काइची शहरातल्या, कारखान्यांच्या धुराने दमा जडलेल्या रुग्णांनी खटला जिंकला. 1973 च्या फेरीत निसर्गाला जिंकावे म्हणणारे निम्म्यावर, 17 टक्क्यांवर आले होते. 1993 मध्ये ते 7 टक्के उरले आणि कलाने जावे म्हणणारे 48 टक्के झाले. जपानी माणसाचे हे निसर्गप्रेम प्राचीन असेलही. पण आज ज्या रूपात ते दिसते ते बऱ्याच अंशी पारा उतरलेले मासे खाऊन आजारी पडलेल्या लोकांनी कोर्टात आणि रस्त्यावर उभे राहून देशाला पुन्हा शिकवलेले आहे. पाहणी नसती तर ‘जपानी स्वभाव’ म्हणून आपण तो हिशेब मिटवून टाकला असता.

पण काही आकडे हलतच नाहीत, आणि त्यांनी अभ्यासकांना जास्त कोड्यात टाकले. दोन साहेब आहेत. एक नियमाबाहेर जास्तीचे काम कधीच लावत नाही, पण कामापलीकडे तुमची विचारपूसही करत नाही. दुसरा नियम मोडून कधीकधी राबवून घेतो, पण कामाबाहेरही तुमची काळजी वाहतो. कोणाच्या हाताखाली काम कराल? 1953 पासून दर फेरीत साधारण 80 टक्के किंवा त्याहून जास्त लोक दुसरा साहेब निवडत आले आहेत. भरभराट आली, अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, कायमच्या नोकऱ्या आटल्या, तरी हा आकडा जागचा हलला नाही.

हे नुसते पाहिले तर जपानी माणसाला मायाळू मालक हवा, असे म्हणून आपण मोकळे होऊ. पण एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या संशोधन विभागाने 1973 पासून दर पाच वर्षांनी घेतलेली वेगळी पाहणी शेजारी ठेवावी लागते. सहकाऱ्यांशी नाते कसे असावे, या प्रश्नावर, सगळ्या गोष्टींत एकमेकांशी बोलावे, मदत करावी, असे 1973 मध्ये 59 टक्के म्हणत होते; 2018 मध्ये ते 40 टक्क्यांच्या खाली आले. म्हणजे अडीअडचणीला धावून येणारा साहेब हवा आहे, पण त्याच्याबरोबर रोज संध्याकाळ घालवायची नाही. जवळीक हवी, तिचा भार नको. मला यात विसंगती दिसत नाही. नोकरीच्या जिवावर सारे आयुष्य उभे असलेल्या समाजात, जिथे घर, लग्न, आजारपण सगळ्यात कंपनी असायची, तिथे आधार निघून जाण्याची भीती आणि गुदमरण्याचा कंटाळा एकाच माणसाच्या मनात राहणार.

पुन्हा जन्म मिळाला तर पुरुष व्हाल की स्त्री? हा प्रश्न 1958 पासून आहे. पुरुष नेहमीच दहापैकी नऊच्या आसपास पुरुषच होऊ म्हणतात. बायकांचे उत्तर मात्र उलटेपालटे झाले. 1958 मध्ये 64 टक्के बायकांना पुरुष व्हायचे होते, 27 टक्क्यांना बाई. 1968 पर्यंत पारडे जवळजवळ बरोबरीला आले, आणि या शतकात सुमारे 70 टक्के बायका पुन्हा बाईचाच जन्म मागू लागल्या. एनएचकेच्या पाहणीत, मूल झाल्यावरही बाईने नोकरी चालू ठेवावी म्हणणारे 1973 मध्ये 20 टक्के होते, 2018 मध्ये 60 टक्के. तरी जागतिक आर्थिक मंचाच्या स्त्री-पुरुष समतेच्या 2024 च्या यादीत जपान 146 देशांत 118 वा आहे. बाईचे आयुष्य सुधारले म्हणून ती बाई राहू मागते, हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे बहुधा तिच्या नवऱ्याकडे पाहून तिने दिलेले आहे: रात्री उशिरा घरी येणारा, बदलीच्या गावी एकटा राहणारा, निवृत्तीनंतर कोणाशी बोलावे हे न कळणारा पुरुष. ते आयुष्य तिला नको आहे.

बदल कोणाचा, हा प्रश्न या ठिकाणी उभा राहिला. माणसे वयाने बदलतात, काळाने सगळ्यांनाच ओढले, की जुनी पिढी जाऊन नवी आल्याने आकडा सरकला? एका फेरीवरून हे कळत नाही. तीसचाळीस वर्षे तोच प्रश्न विचारलेला असला तरच तिन्ही धागे सुटे करता येतात. सांख्यिकी गणित संस्थेतल्या नाकामुरा ताकाशी यांनी 1980 च्या दशकात त्यासाठी गणिती पद्धत बसवली. बऱ्याच प्रश्नांत, माणूस कोवळ्या वयात जो काळ जगला तो काळ त्याच्या उत्तरात शेवटपर्यंत राहतो, असे दिसू लागले. ‘राष्ट्रीय स्वभाव’ या नावाने निघालेली पाहणी अशी पिढ्यांच्या स्वभावाची पाहणी होत गेली.

सरकारी पाहण्यांनी दुसराच धडा दिला. आपले राहणीमान कोणत्या थरातले, असे 1958 पासून विचारले जाते. वरचा, मध्यम-वरचा, मध्यम-मध्यम, मध्यम-खालचा, खालचा असे पर्याय. तीन मध्यम मिळवले तर सुरुवातीला 70 टक्क्यांहून थोडे जास्त भरत; 1970 च्या आसपास ते 90 टक्क्यांवर गेले आणि सगळा देशच मध्यमवर्गी झाल्याचा गजर वर्तमानपत्रांत सुरू झाला. 1977 मध्ये अर्थतज्ज्ञ मुराकामी यासुसुके यांनी नव्या मध्यम जनसमूहाची कल्पना मांडली, तर किशिमोतो शिगेनोबु यांनी हा भ्रम आहे म्हणून ती खोडून काढली. पाचात तीन पर्यायांवर ‘मध्यम’ लिहिलेले असताना आणखी काय होणार, हा आक्षेप रास्तच होता. पुढे फुगा फुटला, विषमतेची पुस्तके हातोहात खपू लागली, तरी नव्वदीतला आकडा फारसा ढळला नाही. माणूस स्वतःला शेजाऱ्याशी ताडून पाहतो, देशाच्या उत्पन्नाच्या तक्त्याशी नाही. या आकड्यावर धोरण आखणाऱ्यांनी गरिबी उशिरा पाहिली, आणि याचा दोष मी उत्तर देणाऱ्यांना देणार नाही.

आता त्या दाराशी जायला हवे जिथे हे सारे आकडे जन्मतात. पाहणी करणारा नगरपालिकेच्या कार्यालयात बसून रहिवाशांच्या नोंदवहीतून ठरावीक अंतराने नावे उतरवून घेतो. आधी पत्र जाते. मग तो स्वतः जातो. माणूस कामावर असला तर संध्याकाळी, रविवारी पुन्हा जातो. उत्तरांचे पर्याय छापलेले कार्ड समोर धरतो. ज्याचे नाव निघाले त्याच्याऐवजी त्याच्या बायकोचे किंवा शेजाऱ्याचे उत्तर चालत नाही. 1953 मध्ये निवडलेल्या 83 टक्के लोकांनी उत्तर दिले; 2013 मध्ये 50 टक्क्यांनी. एनएचकेला 1973 मध्ये 78 टक्के लोक मिळाले होते, 2018 मध्ये 51. इमारतीचे खालचे दारच आता आपोआप कुलूपबंद होते. फसवणुकीचे फोन येतात, घरे एकट्यादुकट्याची झाली, आणि 2003 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानंतर आपली माहिती कोणाला का द्यावी ही जाणीव घट्ट झाली.

2013 च्याच फेरीत, बहुतेक लोक दुसऱ्याच्या उपयोगी पडायला पाहतात की फक्त स्वतःचे बघतात, या प्रश्नावर 45 टक्के उपयोगी पडतात म्हणाले. 1978 मध्ये असे म्हणणारे 19 टक्के होते, 2008 मध्ये 36. मध्ये 2011 चा भूकंप आणि त्सुनामी येऊन गेली होती. हे सांगितले ते दार उघडणाऱ्या निम्म्यांनी. परक्या माणसाला आत घेऊन अर्धा तास देणारा माणूस इतरांबद्दलही बरे बोलण्याची शक्यता जास्त, हे उघड आहे, आणि म्हणून या 45 कडे मी थोडे सावधपणे पाहतो. पण ती वाढ खोटी मानायला मी तयार नाही, कारण भूकंपानंतर ईशान्य जपानमध्ये स्वयंसेवकांनी चिखल उपसला तो काही कार्डावरच्या पर्यायावर खूण करून उपसलेला नव्हता. दार न उघडणारा उरलेला निम्मा जपान काय म्हणाला असता, ते विचारायला पुढच्या फेरीत पुन्हा कोणीतरी तीच प्रश्नावली घेऊन जिना चढणार आहे.