प्रथम काय, आणि कोणाच्या जिवावर?



२०२४ च्या मार्च महिन्यात आमच्या बेंगळुरू शहराला आपल्या गरजांचा क्रम लावावा लागला. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, हजारो कूपनलिका आटल्या होत्या, आणि कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून चढवून आणूनही पुरत नव्हते. तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास व बागा शिंपण्यास बंदी केली. मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड. पिणे आधी, बाग नंतर, याविषयी कोणाचे दुमत नव्हते. तो क्रम पाळण्याचे कष्ट मात्र सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाहीत. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी टँकर मागवले (दर इतके चढले की ते सरकारला बांधून द्यावे लागले). ज्यांच्याजवळ नव्हता ते घागरी घेऊन रांगेत उभे राहिले.

त्याच उपवासकाळात एका रविवारी मंडळीत मला वचनावर बोलावयाचे होते. विषय मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला, देवाचे राज्य प्रथम शोधण्याचा. तयारी चांगली झाली होती. घरून निघालो तेव्हा खाली टँकर आला होता आणि माझी पत्नी दोन बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होती. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईच्या चादरी धुवावयाच्या होत्या. सदऱ्यावर पाणी उडू नये म्हणून मी जिन्यात अंग चोरून तिला वाट करून दिली. व्यासपीठावर मला त्याची आठवणही झाली नाही. पुढे केव्हातरी हिशेब केला, तेव्हा लक्षात आले की तिने सात महिने प्रभुभोजन घेतले नव्हते, आणि मी एकही रविवार चुकवला नव्हता.

देवाला प्रथम स्थान द्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे व ते खरेच आहे. परंतु त्या स्थानाची किंमत कोण देतो, हे आपण सहसा विचारीत नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे. आईबापांना ज्याचा उपयोग व्हावयाचा ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे एकदा म्हटले की मुलगा मोकळा होई. देवाचे नाव पुढे करून माणसाचे देणे चुकवण्याची ही युक्ती प्रभूला अतिशय चीड आणणारी वाटली. मी पैसा वाहिला नव्हता, रविवारची सकाळ वाहिली होती. पण ती सकाळ एकट्या माझी नव्हती.

रेव्ह. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. मात्र सोबत लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा वाचावीत. टिळकांच्या मनाने घेतले की ते निघत. मग घर कसे चालवावयाचे हा प्रश्न कोणापुढे उभा राही, ते त्या पुस्तकात वारंवार दिसते. लक्ष्मीबाई ते हसत सांगतात, म्हणून आपणही हसून पान उलटतो. टिळकांचा त्याग उणा होता असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तो त्याग दोघांचा होता आणि आपण एकाचेच नाव घेतो, एवढेच.

येथे कोणी मार्थेची आठवण देईल. तिने तक्रार केली तरी प्रभूने मरीयेला कामाला परत पाठवले नाही, तेव्हा चुलीपेक्षा चरण श्रेष्ठ नव्हेत काय? मीही स्वतःशी कैक वेळा असाच वाद घातला आहे. परंतु ती कथा नीट पाहिली तर प्रभू ज्या जागेचे रक्षण करीत आहे ती एका स्त्रीची चरणांपाशी बसण्याची जागा आहे. आमच्या घरात ती जागा मीच वर्षानुवर्षे अडवून बसलो होतो, आणि स्वतःला मरीया समजत होतो.

रविवारी सकाळी आपल्या घरी मागे कोण राहते? हा प्रश्न मी आपणास विचारतो, कारण मला तो कोणी विचारला नाही. पाळकसाहेबांनीही नाही, त्यांच्या दृष्टीने मी नियमित होतो.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी घरी राहिलो. चादर बदलणे मला जमत नव्हते. एका कुशीवर वळवताना आईला दुखले, ती मात्र काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “आज उपासना नाही का रे?”

“आहे. ती गेली आहे,” मी म्हणालो, आणि टँकर आला की काय ते पाहण्यास बादल्या घेऊन खाली उतरलो.